दोरिनच्या नावाने

दुपारी बटाटे निवडून झाले आणि इलिंका भावाचा संगणक बंद करायला बसली. कायमचा. दोरिन गेल्यापासून त्याचे मित्र त्यावर खेळायला फिरकत नव्हते, आणि विजेच्या नावाने बाप रोज कुरकुरायचा.

त्या खेळात दोरिनने स्वतः बनवलेलं एक ॲड-ऑन होतं, खेळाला वरून जोडलेली करामत. एरवी खेळताना कुणी मेलं की त्याचं सामान विखरायचं, येणारा-जाणारा उचलायचा. ॲड-ऑनमुळे मेलेल्या जागी एक दगड उभा राहायचा, सगळं त्याच्या पोटात शाबूत. दगड उघडायचा फक्त त्याच नावाच्या हाताने. "मेलात तरी तुमचं ते तुमचंच," असं दोरिन ऐटीत सांगायचा. याच खेळापायी बाप त्याला एकदा नाही नाही ते बोलला. पोरगा तिरमिरीत मोटरसायकल घेऊन निघाला आणि ट्रकखाली गेला.

तेव्हापासून बापाने, तोआदेरने, मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्याच्या कपाटाला कुलूप घातलं. गावची रीत अशी, की मेलेल्याचे कपडे-बूट शेजाऱ्यांना द्यायचे, त्याचं नाव घेऊन द्यायचे, म्हणजे ते त्याला तिकडे मिळतात. म्हातारा बधला नाही. "त्याचं आहे, घरातच राहील," एवढंच. दुःख असं आडमुठं झालं की बाप आपल्याच लेकराचा वैरी होतो, दुसरं काय!

पडदा उजळला. बर्फाळ माळ, मधोमध तसाच एक दगड. दगडासमोर एक आकृती उभी होती. उघडी, अनवाणी. डोक्यावर अक्षरं होती, दोरिन. ती दगडावर मूठ आपटत होती. ठक्... ठक्... खोलीत ओल्या लोकरीचा वास सुटला.

खाली शब्द उमटले. "इली... उघडत नाही."

तिला इली म्हणणारा एकच होता.

"थंडी वाजते गं... बाबांना सांग ना."

तिने बापाला ओढतच आणलं. "पोरं चेष्टा करतायत," तो म्हणाला. मग त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. गळ्यातली किल्ली काढली, कपाटातून हिवाळी बूट घेतले आणि शेजारच्या साफ्ता मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला. इलिंका मागोमाग धावली.

"कुणाच्या नावाने, तोआदेर?" मावशीने विचारलं.

"तुला ठाऊक आहे."

"मला असेल रे. पण तू बोलायला हवंस."

"घे म्हटलं ना!"

इलिंकाने तोंड उघडलं, तर बापाने असं बघितलं की ती मागे सरली. मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली, मान हलवली आणि बूट घेतले.

परत आले तेव्हा पडद्यावर बूट पोचले होते. दोरिन अजून अनवाणीच होता. त्याच्या मागे दुसरं कुणीतरी उभं होतं, पायात ते बूट. डोक्यावर नाव नव्हतं.

"बाबा... मला नाही मिळाले," शब्द आले. "हा कोण आहे?"

तोआदेर मटकन खाली बसला. इतक्या महिन्यांचं साचलेलं एकदम फुटलं. तोंड ओंजळीत धरून तो रडत राहिला. "दोरिन... माझ्या दोरिन... चुकलो रे बाळा..."

आणि इलिंकाच्या डोळ्यांदेखत त्या दुसऱ्याच्या डोक्यावर एकेक अक्षर उगवलं. दोरिन. उघड्या आकृतीवरची अक्षरं विझली. तिने आणखी एकदा दगडावर मूठ मारली, हळूच, आणि मग ती दिसेनाशी झाली.

बूटवाला पुढे झाला. त्याने हात लावताच दगड उघडला.

"बाबा, आता कोट द्या."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. वाचलं. त्याचा चेहरा असा उजळला की बघवेना. तो कपाटाकडे निघाला. इलिंकाने त्याचा दंड घट्ट धरला. "बाबा, नको... तो आपला नाही..."

"सोड, वेडे," तो मायेने म्हणाला. "या वेळी नाव घेऊनच देतो."