वसुदेवाले कुठं होता पूल

"तिथं नका बसू जी, आमच्या बाबांची जागा आहे."

सतरंजीवर टेकू पाहणारा तरुण अर्धवट उठला... आणि हसला. "मग कीर्तन उभ्यानं ऐकू काय?"

"कीर्तनाले वेळ आहे. अगोदर भाषण सोसा," शामला म्हणाली, आणि सरकून तिनं त्याला जागा दिली.

नंदनवन वस्तीतल्या सप्ताहात यंदा कीर्तनाआधी त्याच मंडपात निवडणुकीच्या सभा होत. रोज एक पक्ष. पण बुवांच्या पायाशी बसल्याशिवाय वामनरावांना कीर्तन गोड लागत नसे, म्हणून बापलेक लवकर येत आणि सगळ्या पक्षांना ऐकत.

तरुणाचं नाव रुपराव. काटोलकडचा, नदीपल्याड संत्र्याची बाग, इथे मावशीकडे उतरलेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेजारी. तिसऱ्या दिवशी तर तिनंच जागा धरली.

"पहिल्यानं नदी तिथं पूल दिला," रुपराव कुजबुजला. "दुसऱ्यानं दारापाशी एस.टी."

"आजच्यानं दोन्ही... वरून रेल्वे."

"मत द्यायच्या अगोदर एक विचारतो. तुम्ही कशानं येणार?"

"कुठं?"

"आमच्या गावाले..."

शामलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पायी यायले काय होते?"

मावशीनं लग्नासाठी शब्द टाकला. वामनराव एवढंच म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण नदीपल्याड लेक देत नाही. पूल होऊ द्या, मग पाहू."

पूल! म्हणजे कोण निवडून येणार, पैसा कधी मंजूर होणार... शामला बोटांवर वर्षं मोजू लागली.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी बुवांनी कृष्णजन्म लावला. डोक्यावर टोपली, यमुनेला पूर, ना पूल ना होडी. पल्याड लेकरू सुखी राहील, एवढ्या भरवशावर बाप पाण्यात उतरला. वामनरावांनी उपरणं डोळ्यांना लावलं ते बराच वेळ काढलं नाही.

आरती झाली, बुक्का लागला. ते रुपरावाकडे वळले. "खरं सांग गा. पावसाळ्यात तुमच्या नदीले पाणी किती राहते?"

त्यांच्या पाठीमागून शामलानं वाकून आपल्या घोट्याला हात लावला. एवढंच म्हणा... एवढंच.

रुपरावानं ते पाहिलं.

"छातीच्या वर, काका. दोन-दोन दिवस गाव तुटते. पण पूर उतरल्याशिवाय घरच्या कोणाले मी पाण्यात पाय घालू देत नाही."

शामलानं डोळे मिटले. संपलं सारं.

वामनराव मात्र हसत होते. "इतकी भाषणं ऐकली, पण पाणी किती हे कोणी बोललं नाही. मावशीले घेऊन उद्या घरी ये."

"अन्... पूल?" शामलाच्या तोंडून निसटलं.

"वसुदेवाले कुठं होता वं?"

तिला हसू आलं, त्याबरोबर डोळेही भरले. चपला शोधताना ती पुटपुटली, "खुणावून राहिली होती ना मी? काहून नाही ऐकलं?"

"बाबांची लेक मागून राहिलो होतो. खोटं कसं बोलू?"

तिनं चपला पायात सरकवल्या. मग हळूच — "मत कोणाले देणार आता?"

"पूलवाल्याले," रुपराव म्हणाला. "तुम्हाले माहेरी यायले लागंन ना."