कणकेने मोजलेली फट

इंजिन हाताने फिरवलं की पाऊण फेरी सुरळीत व्हायची आणि मग आतून आवाज यायचा, 'टक्'! पुढे फिरायचं नावच नाही.

उद्या तलावावर मुलांच्या मोटारहोड्यांची शर्यत होती. उसाच्या अल्कोहोलवर चालणारं हे दोन सिलिंडरचं जुनं इंजिन मी आणि सुमेधाआत्याने घरच्या शेडमध्ये जुळवलं होतं. आज ते चाललं नाही, तर आमची होडी काठावरच राहणार. मला रडूच यायला लागलं.

"मैथिली, डोळे पूस आणि टॉर्च धर," आत्या म्हणाली. ती धातूंची शास्त्रज्ञ आहे. रडण्यापेक्षा तिला टॉर्च जास्त उपयोगाची वाटते.

आत पाहिलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) इंजिनाच्या भिंतीवर आपटत होता. जास्त जोर मिळावा म्हणून आम्हीच क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने गोल फिरणारा भाग) लांब हाताचा बसवला होता. त्यामुळे रॉडचं खालचं टोक आता मोठा घेर घेत होतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच!

"रॉड घासूया की," मी म्हणाले.

"घासू. पण किती? असे रॉड आता कुणी बनवत नाही. जास्त घासला तर मोडेल."

"टक् थांबेपर्यंतच," कोपऱ्यातून खुडूक म्हणाला. हा निहार नावाच्या गोठलेल्या ग्रहावरून आमच्याकडे शिकायला आलेला चार हातांचा पाहुणा. त्याचं खरं नाव आम्हाला उच्चारता येत नाही आणि तो दिवसभर खुडूक कोंबडीसारखा एका जागी बसतो, म्हणून हे नाव. "केसभर फट पुरे. आमच्याकडे जास्त फट ठेवणारा कारागीर आळशी समजतात."

मी दोन्ही रॉड काढून कानशीने घासले, परत बसवले. इंजिन गरागरा फिरलं! मी नाचायलाच लागले.

"थांब गं, उतावळे!" आत्याने स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला. रॉड जिथे आपटत होता तिथे तो थापला, वर तेलाचं बोट फिरवलं आणि इंजिन हळूच फिरवलं. मग दबलेली कणीक सुरीने कापून दाखवली. कागदासारखी पातळ!

"फट एवढीच आहे. आता सांग, तापल्यावर धातूचं काय होतं?"

"प्रसरण पावतो (आकाराने वाढतो)."

"आणि मिनिटाला हजारो फेऱ्या मारताना रॉड ताणलाही जातो. थंड, संथ इंजिनात जो आपटत नाही, तो गरम, वेगवान इंजिनात आपटतो. म्हणून हालचालीसाठी जागा राखून ठेवायची."

मी पुन्हा घासलं, या वेळी जपून. कणीक दीड मिलिमीटर जाड निघाली तेव्हा कुठे आत्याने मान हलवली. ओरखड्यातून तडा सुरू होतो, म्हणून घासलेली जागा गुळगुळीत केली. दोन्ही रॉड सारख्या वजनाचे केले, नाहीतर इंजिन थरथरलं असतं. शेवटी कणकेचा कणन्‌कण पुसून काढला.

मी बटण दाबलं. इंजिन खोकलं, शिंकलं आणि धडधडायला लागलं. टक् नाही की खट् नाही!



"निहारवर आम्ही एकदाच वेगवान यंत्र बनवलं," खुडूक हळूच म्हणाला. "अगदी घट्ट बसवलेलं. सुरू केल्याबरोबर तापलं आणि अडकलं. तेव्हापासून वेगच वाईट, असं आम्ही ठरवून टाकलं. घरी जाऊन सांगायला हवं, वेगाचा दोष नव्हता." मग तो चक्क उठून उभा राहिला. "उद्या मला होडीत घ्याल?"

चार हातांच्या पाहुण्याला बसेल असं लाइफजॅकेट कुठून आणायचं? मी दोन जुनी जॅकेटं जोडून एक शिवायला घेतलं. बाह्यांची भोकं आधी अगदी मापात आखली होती. मग ती पुसून जरा सैल आखली. वल्हवायची वेळ आलीच तर त्याला चारही हात मोकळे हलवता यायला हवेत.