मॅबेल टीचरची ऐकणारी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका. खोटं मी आयुष्यात दोनदाच बोलले, आणि त्यातल्या पहिल्याचंच हे सगळं आहे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९६८. गाव उत्तन. वेळ दुपारी चारची.

भुतं रात्रीचीच असतात असं लोक समजतात. आमचं भरदिवसाचं आहे. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते, बायका भांडत होत्या, आणि मी मॅबेल टीचरच्या घरात पियानोजवळच्या बाकावर बसले होते.

मी फिलोमिना. घरात फिलू. तेव्हा पंधरा वर्षांची होते. माझी मोठी बहीण बेट्टी एकोणीसची.

आमचे बाबा दोन वर्षांपूर्वी होडीवर गेले ते परत आलेच नाहीत. आई सुक्या मासळीची पाटी घेऊन भाईंदरला जायची. घराची सगळी आशा बेट्टीच्या बोटांवर होती. डिसेंबरात मुंबईला फोर्टात विलायतेहून साहेब येणार होता, पियानोची परीक्षा घ्यायला. बेट्टी पास झाली की वांद्र्याच्या एका कॉन्व्हेंट शाळेत संगीत शिकवायची नोकरी. तिथल्या मदरने तसा शब्दच दिला होता.

म्हणजे आईच्या डोक्यावरची पाटी उतरणार होती.

मॅबेल टीचर एकट्या राहायच्या. त्यांचे वडील एका इंग्रज साहेबाकडे खानसामा होते. साहेब देश सोडून गेला तेव्हा पियानो मागे ठेवून गेला. टीचर त्यावर गावातल्या मुलांना शिकवायच्या, पण त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी.

त्या कधीच एकटीला शिकवत नसत. जोडी लागायची. एक वाजवणारी, एक ऐकणारी.

"वाजवणाऱ्याला आपली चूक ऐकू येत न्हाय," त्या म्हणायच्या. "आपल्या तोंडाचा वास आपल्याला येतो काय? दुसरा कान पायजे."

माझी बोटं आखूड आणि जाडी. टीचरनी पहिल्याच दिवशी माझा हात उलटापालटा करून पाहिला आणि हसल्या. म्हणाल्या, "देवाने बोटांचा पण माल तुझ्या कानांत घातलाय." तेव्हापासून मी ऐकणारी झाले.

नियम सोपा होता. बेट्टी पूर्ण वाजवायची. मग टीचर विचारायच्या, "फिलू, काय?" मी "चूक" म्हटलं की बेट्टीने पहिल्यापासून सुरू करायचं, चुकलेल्या जागेपासून नाही. मी "बरोबर" म्हटलं की झाकण बंद. टीचरना स्वतःला सगळं ऐकू यायचं. तरी निकाल त्या कधीच देत नसत. तो मीच द्यायचा.

एकदा मी विचारलं, "टीचर, तुम्हाला कळतं ना, मग मला का विचारता?"

"मी काय जन्मभर पुरणार हाय?" त्या म्हणाल्या. "आणि हे बघ. हात फार गुणी असतात. शिकवाल ते धरून ठेवतात. चुकीचं बरोबर म्हणून शिकवलं, तर चुकीचंच धरतील. मग मेल्यावर पण सोडणार न्हाईत."

छडी त्यांच्याकडे नव्हतीच. कधी रागावल्याचंही आठवत नाही. फक्त एक वाक्य असायचं. "चुकणाऱ्याला मी मारत न्हाय. चूक लपवणाऱ्याला सोडत न्हाय."

आम्ही हसायचो.

त्या शुक्रवारी टीचर तापाने आतल्या खोलीत पडून होत्या. निलगिरी तेलाचा वास घरभर होता. बेट्टी परीक्षेचा तुकडा वाजवत होती. शेवटच्या ओळीत डाव्या हाताचं चौथं बोट शेजारच्या पट्टीवर पडायचं. दरवेळी तिथेच.

मी "चूक" म्हणायची. ती पहिल्यापासून सुरू करायची.

अकरा वेळा झालं. सकाळभर मासळीला मीठ लावून तिची बोटं चिरली होती. पांढऱ्या पट्ट्यांवर रक्ताचे बारीक डाग दिसत होते. ती आवाज न करता रडत होती.

बाराव्यांदा... बोट पुन्हा तिथेच पडलं.

आतून टीचरचा थकलेला आवाज आला. "फिलू, काय?"

मी बेट्टीच्या हातांकडे पाहिलं. वाटलं, टीचर आजारी आहेत, त्यांना काय कळतंय. उद्या वाजवेल ती नीट. एका दिवसाने काय होतंय?

"बरोबर, टीचर."

आत खाट करकरली...

"नक्की?"

"हो, टीचर."

"मग बंद कर."

बेट्टीने झाकण लावलं. माझ्याकडे पाहिलं. तिलाही माहीत होतं. आम्ही घरी आलो.

पहाटे चर्चची घंटा वाजली. मॅबेल टीचर गेल्या होत्या.

त्यांना जवळचं कोणी नव्हतं. पियानो बेट्टीला द्या, असं त्यांनी फादरना आधीच सांगून ठेवलं होतं. आठ जणांनी उचलून तो आमच्या ओसरीत आणला. आई म्हणाली, देवाचे उपकार. मलाही तसंच वाटलं होतं.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी चार वाजता बेट्टी वाजवायला बसली. शेवटच्या ओळीत बोट चुकलं. मी काही बोलले नाही. म्हटलं, आता विचारणारं कोण आहे?

तिचे हात मात्र पट्ट्यांवरून उठले नाहीत.

"फिलू," ती हळूच म्हणाली, "माझे हात उचलत न्हाईत ग."

मी हसले. उठून तिचं मनगट धरून ओढलं. नाही आलं... बर्फासारखं गार होतं.

आणि निलगिरीचा वास आला.

आमच्या घरात निलगिरी तेल नव्हतं. आतल्या खोलीत माणूसही नव्हतं. तरी आतून खाटेचा आवाज आला. कोणीतरी कूस बदलून कान दिल्यासारखा.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चूक."

बेट्टीचे हात उठले आणि पहिल्यापासून वाजवायला लागले.

"मी न्हाय वाजवत, फिलू... मी न्हाय वाजवत..."

सात वाजता चर्चची प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा हात सुटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला तेच. तिसऱ्या दिवशीही. आई बाजारातून आली की म्हणायची, "केवढी मेहनत करते माझी पोर." आईला त्यात काही वेगळं कधी दिसलंच नाही. वास नाही, खाटेचा आवाज नाही.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. बेट्टीची दशा बघवत नव्हती. बोट चुकलं, हात अडकले, आणि मी मोठ्याने म्हटलं, "बरोबर!"

आतल्या खोलीतून आवाज आला...

"नक्की?"

तोच आवाज. तसाच थकलेला.

मी घाईने "चूक" म्हटलं आणि कानाला खडा लावला. त्यानंतर मी कधीही खोटं बोलले नाही.

परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. बेट्टीचा नंबर लागायला चार वाजले. मला आत जाऊ दिलं नाही. दाराच्या काचेतून मी पाहत होते. साहेब म्हातारा होता, चांगला वाटत होता. बेट्टीने सुंदर वाजवलं. शेवटच्या ओळीत बोट घसरलं. साहेबाने मान हलवली, काही हरकत नाही अशी. तेवढ्या एका चुकीने ती नापास झाली नसती.

पण तिचे हात तिथेच राहिले.

मी काचेबाहेरून "चूक" म्हटलं. काय करणार? तिने पुन्हा सुरुवात केली. साहेबाने थांबायला सांगितलं. तिने पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकली. मग दोन बायका आत धावल्या, तिला खांद्याला धरून ओढायला लागल्या. बेट्टी ओरडत होती आणि हात वाजवत होते. सातला कुठल्याशा चर्चची घंटा ऐकू आली तेव्हा ती खुर्चीवरून खाली पडली.

नोकरी गेली. आईच्या डोक्यावरची पाटी तशीच राहिली.

मग मी आईला सगळं सांगितलं. तिने मला मारलं नाही. तेच जास्त लागलं. तिने फादरना बोलावलं. फादरनी घरभर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना केली. मी टीचरच्या कबरीवर जाऊन गुडघे टेकले. म्हटलं, "टीचर, मी खोटं बोलले. ती चुकली होती. मला धरा, तिला सोडा."

कबरीवर ऊन होतं. एक कुत्रं झोपलं होतं. बाकी काहीच नाही.

सत्तर साली आम्ही पियानो काढून टाकला. नवघरचा कोणी दाजी म्हणून माणूस होता, त्याने टेम्पोत घालून नेला. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं मला.

त्या दिवशी चार वाजता बेट्टी मासळी साफ करत होती. सुरी खाली पडली. तिची बोटं समोरच्या दगडावर चालायला लागली. आवाज नाही, काही नाही. नुसती बोटं आणि दगड. पण मला सगळं ऐकू येत होतं. एकेक सूर. आणि शेवटच्या ओळीतली ती चूक.

बोटं दगडावर थांबून राहिली.

"सांग ना ग," बेट्टी म्हणाली. "सांगून टाक."

"चूक," मी म्हटलं.

तिच्यासाठी दोन स्थळं आली होती. चार वाजता पाहुण्यांसमोर बशीवर बोटं वाजवणारी मुलगी कोण करून घेणार? लोक तिला वेडी म्हणायला लागले. ती कोणावर चिडली नाही. माझ्यावर तर कधीच नाही. एकदा फक्त म्हणाली, "फिलू, तू त्या दिवशी माझ्यासाठीच बोललीस ना. मला माहीत हाय." त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे तिला खोकला लागला. छातीत टीबी निघाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये बेट्टी गेली. चोवीस वर्षांची होती.

दफन पाचला होतं. आईने तिच्या बोटांत जपमाळ गुंडाळली होती. शवपेटीभोवती माणसं प्रार्थना म्हणत होती. मी घड्याळाकडे पाहत नव्हते.

तरी कळलंच...

जपमाळेचे मणी एकमेकांवर हलकेच वाजले. टिक... टिक टिक...

कोणाचं लक्ष नव्हतं. मी पेटीवर वाकले. सगळ्यांना वाटलं, बहिणीचा शेवटचा मुका घेते आहे. मी तिच्या कानात "चूक" म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीतून पियानो ऐकू यायला लागला. पियानो नव्हता. बेट्टी नव्हती. तिथे मासळीच्या रिकाम्या पाट्या होत्या. चारला सूर सुरू व्हायचे. शेवटची ओळ यायची, बोट चुकायचं. मग शांतता. मी सांगेपर्यंत.

मी कुठे गेले नाही. लग्न केलं नाही. चार वाजता घरी असायचं, एवढंच माझं काम. कारण मला एक गोष्ट कळायला लागली होती. बेट्टी सुधारत होती.

हो, खरंच. वर्षभराने ते बोट चुकीच्या पट्टीवर पडायच्या आधी जरासं अडखळायला लागलं. दोन वर्षांनी निम्मं या पट्टीवर, निम्मं त्या पट्टीवर पडायचं. माझ्याशिवाय हा फरक कोणालाच कळला नसता. एक दिवस ती नीट वाजवेल, मी खरंखुरं "बरोबर" म्हणेन, आणि झाकण बंद होईल. बेट्टी सुटेल. मी त्या एका दिवसासाठी जगत होते.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीत मला खोकला लागला.

तोच रोग. डॉक्टर म्हणाले, "रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. जीव वाचेल, पण कुणाकुणाचे कान जातात." मी नको म्हटलं. आई माझ्या पाया पडली हो. स्वतःच्या मुलीच्या. म्हणाली, "एक गेली, आता तू पण जाणार काय? कानांना काय करायचंय?"

तिने पियानो कधी ऐकलाच नव्हता. तिला काय सांगणार? आणि मी गेले तर बेट्टीचं ऐकणार कोण? मी इंजेक्शनं घेतली.

आधी कानात शिट्टी वाजायला लागली. मग बायकांची भांडणं दूर गेली. समुद्र गेला. चर्चची घंटा गेली. सगळ्यात शेवटी चारचे सूर गेले. शेवटचे ऐकले त्या दिवशी बेट्टी इतकी जवळ आली होती... अगदी केसभर राहिलं होतं.

आता १९७९ चालू आहे. मी पूर्ण बहिरी आहे.

चार वाजता मी ओसरीच्या भिंतीला तळहात लावून बसते. भिंत बारीक थरथरते, तेवढं कळतं. मग थरथर थांबते. म्हणजे वाजवून झालं. ती वाट बघत असते.

ती नीट वाजवते की चुकते, मला कळत नाही. कदाचित वर्षभरापूर्वीच तिचं बोट जागेवर बसलं असेल. कदाचित ती रोज बरोबर वाजवते आहे. पण माहीत नसताना "बरोबर" म्हणायची माझी हिंमत होत नाही.

काल थरथर थांबली. मी खूप वेळ गप्प बसले. भिंत गार पडत गेली. आई समोरून बघत होती, तिचे डोळे भरले होते.

शेवटी मी म्हटलं, "चूक."

आणि भिंत पहिल्यापासून थरथरायला लागली.