पिल्लांची आई कुठे आहे?

“मॅडम, उंदराच्या पिल्लाला बेंबी असते का?”

शलाकाने विचारलं आणि मागे तिच्या मैत्रिणी रेवती आणि झैनब यांनी एकमेकींच्या खांद्यात तोंडं खुपसली. शाळेच्या सहलीच्या बसमध्ये पैज लागली होती: प्रयोगशाळेत हे विचारून दाखव, येताना खिडकीची जागा तुझी.

प्रयोगशाळेच्या डॉ. सरनाईक हसल्या नाहीत. त्यांनी एक गुलाबी पिल्लू तळहातावर उताणं धरलं. “असते. हा ठिपका बघ. इथे नाळ होती आणि नाळेच्या दुसऱ्या टोकाला वार. आईच्या रक्तातून पिल्लाला पोसणारा अवयव. गंमत म्हणजे ती बहुतेक सगळी पिल्लाच्याच पेशी बांधतात. पोटात पावट्याच्या शेंगेसारखी ओळीने पिल्लं, आणि प्रत्येकाची वार वेगळी.”

“आणि ती खुरटली तर?” हा प्रश्न पैजेतला नव्हता.

“तर पिल्लूही खुरटतं. म्हणून ही जोड-वार. दुसऱ्या वारेच्या गोठवलेल्या पेशींचं ठिगळ आम्ही खुरट्या वारेवर लावतो. ही सगळी त्यावरच वाढली.”

पेटीतली पिल्लं कशी गुबगुबीत होती! शलाकाला हायसं वाटायला हवं होतं. सोमवारी तिची आई याच उपचारासाठी इथे येणार होती. आईच्या पोटातल्या बाळाची वार वाढीत मागे पडली होती, आणि ठिगळासाठीच्या पेशी शलाकाच्या होत्या; ती जन्मली तेव्हा तिच्या वारेतून काढून ठेवलेल्या. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यामुळे नव्या कायद्याने त्या वापरायला होकारही तिचाच लागणार होता. मैत्रिणींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पण पेटीत नुसती पिल्लंच. एक ताई त्यांना ड्रॉपरने दूध पाजत होती.

“मॅडम, यांची आई कुठे आहे?”

ड्रॉपर थांबला. डॉक्टरांनी बाकीच्यांना पुढच्या दालनात पाठवलं आणि शलाकाला पडद्याआड नेलं. उंदरीण कुशीवर पडली होती. बरगड्या भराभर वरखाली होत होत्या.

“जोड-वार जोरात ओढते. आईचं हृदय दमतं. पाचांतल्या एकीचं.”

“आणि माणसांत?”

“अजून कळायचंय.”

“थांबवता येतं?”

“एका इंजेक्शनने जोड सुकते. पेशी देणाऱ्याने होकार मागे घेतला, तर आम्हाला थांबवावंच लागेल. पण मग बाळ राहत नाही.”

“मग माझ्या आईला हे का नाही सांगितलंत?”

डॉक्टरांनी तिच्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं. “शलाका मोहिते. पहिल्याच भेटीत सांगितलंय, बाळा.”

येताना खिडकी तिची होती. “जिंकलीस ना? मग तोंड का पाडलंयस?” रेवतीने कोपर मारलं.

घरी आई मटार सोलत होती, बाबा कुकर लावत होता.

“मी उंदरीण पाहिली,” शलाका म्हणाली.

आईचा अंगठा शेंगेतच थांबला.

“कुठली उंदरीण?” बाबाने विचारलं.

“म्हणजे बाबालाही नाही सांगितलंस?”

“तुम्ही दोघांनी नाहीच म्हटलं असतं,” आई हळू म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. बाबा खुर्ची ओढून बसला. कुकरची शिट्टी झाली, कोणी उठलं नाही.

“मी होकार देणार आहे,” शलाका म्हणाली. “मला हे बाळ हवंय. पण तुझं हृदय रोज तपासायचं. ज्या दिवशी ते दमेल, त्या दिवशी मी होकार मागे घेणार. बाबा, तू साक्षीला. हे मी विचारत नाहीये, सांगतेय. विचारायचं एवढंच आहे, आई. तसं झालं, तर तू माझ्याशी बोलशील?”