मीठ लावलेलं मॉस

"काय पडलंय का तुमचं?"

मी दचकले. मुरबे गावातल्या एका घराच्या मागच्या भिंतीला नाक लावून मी भिंगातून बघत होते, वर पाऊस भुरभुरत होता... आणि ज्याची भिंत, तोच मागे उभा.

"मॉस बघतेय. ही मऊ हिरवळ."

"आई दरवर्षी घाण म्हणून खरवडते. तुमी खुशाल न्या."

तो भावेश. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून रिकामा. मी दिशा, मासवणची. श्रावण सरायच्या आत भर महासागरातल्या एका बेटावर जाणार होते. तिथे मॉसच्या आणि जमिनीला चिकटून पसरणाऱ्या लिव्हरवर्टच्या किती जाती आहेत, ते शोधायला. हात बसावा म्हणून आधी आमच्याच तालुक्यातल्या भिंती नि विहिरी पालथ्या घालत होते. विहिरी दाखवायला भावेशने बाईक काढली, आणि पाम गावापर्यंत पोचेस्तोवर 'तुमी'चं 'तू' झालं होतं.

"ही बेटावर जातात कशी? यांना होडी तर नाय."

"बीजाणू वाऱ्यावर उडत जातात."

"बरं हाय. आमाला डिझेल लागतं."

मी हसले की तो भलतीकडेच बघायचा. मी विहिरीच्या कठड्यावर वाकले की छत्री माझ्यावर, आणि हा आपला ओलाचिंब. मला तो आवडायला लागला होता, अगदी खूप. पण गडी बोलेल तर शपथ. नारळी पौर्णिमा झाली की त्याची बोट निघणार, ती परतायच्या आत मी गेलेली असणार, तीही चार महिन्यांसाठी. त्याने तोंड उघडलं नाही, तर सगळं इथेच राहणार होतं.

बोट निघायच्या दिवशी मी मुरब्याच्या किनाऱ्यावर गेले. त्याने माझ्या हातात एक बरणी ठेवली. आत काहीतरी तपकिरी, चिवट, वर पांढरे खडे.

"हे काय?"

"मॉस. पामला माझी ताई दिलीय, तिच्या विहिरीवरचं. माशाला लावतो तसं मीठ लावलंय, टिकंल."

"मिठाने मॉस मरतं रे..."

त्याचा चेहरा पडला. बोटीवरून कुणीतरी हाक मारली, तरी तो हलला नाही.

"आमच्याकडं ठेवायचं म्हटलं की मीठच लावतात," तो म्हणाला. "तू येईपर्यंत ठेवायचं होतं..."

"काय? मॉस?"

त्याने पायाने वाळू उकरली. मग हळूच म्हणाला, "नाय."

"मग सरळ बोल ना."

"तू आवडतेस मला. पण आमी दर्यावरचे... तुज्या घरी चालंल?"

"घरच्यांशी मी बोलेन. मी आले की तू मासवणला ये. आणि तूही मला आवडतोस, हे सांगायचं राहिलं."

तो हसत हसत पाण्यात उतरला आणि बोटीवर चढला. मी बरणीचं झाकण घट्ट लावून ती पिशवीत ठेवली.

"मेलेलं मॉस कशाला नेतेस?" त्याने बोटीवरून विचारलं.

"तू ठेवलंस म्हणून."