दोरमोची साडेआठची नोंद

आमचं ऑफिस जे. पी. नगरात, एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलाच्या, डोक्यावर. खाली इडलीची भांडी चढतात आणि वर बसून आम्ही लडाखच्या बर्फाचे अंदाज काढतो. हसायचं असेल तर हसून घ्या, सगळेच हसतात. पण हिमालयापलीकडच्या त्या वाळवंटात, जिथं वर्षाकाठी चार बोटं पाऊस पडतो, तिथं सप्टेंबर-ऑक्टोबरात एक ढग भलत्या दिवशी आला की खिंडी बंद होतात आणि माणसं अडकतात. म्हणून रस्ते बांधणारे, पूल बांधणारे आमच्याकडून रोजचा अंदाज घेतात. एकोणीस वर्षं झाली, मी हेच करतेय.

मी राजलक्ष्मी, सगळ्यांची राजक्का. आमचं घराणं साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलं आणि इथलंच झालं. आमची मराठी ऐकून शेजारच्या टेबलावरची पुण्याची आश्लेषा अजून ओठ दाबते. दाबू दे. आकड्यांत मी तिच्या बारा वर्षं पुढे आहे.

रोज सकाळी साडेआठला दोरमोहून फोन येतो. दोरमो म्हणजे खिंडीच्या पायथ्याची बारा-पंधरा घरं. गावापासून मैलभर लांब आमची एक खोली, पुढं अंगण, अंगणात बर्फ मोजायची उभी पट्टी आणि खांबावर कॅमेरा. कॅमेरा दर पाच मिनिटांनी एक फोटो पाठवतो. खोली सांभाळतात नवांग नावाचे निवृत्त शाळामास्तर. ते आकडे सांगतात, मी परत म्हणून दाखवते, ते ‘हां जी’ म्हणतात, मी कानडी सवयीनं ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणते, की झालं काम. अकरा वर्षांत त्या माणसाचा एक आकडा चुकला नव्हता.

आता आमचा एक नियम सांगते. एखादा आकडा आजूबाजूच्या आकड्यांशी किंवा फोटोशी जुळला नाही, तर त्यावर रेघ मारायची आणि तो अहवालात जाऊ द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला त्याबद्दल चकार शब्द सांगायचा नाही. उगीच लोक घाबरतात. हा नियम माझाच.

बावीस सप्टेंबरला नवांग म्हणाले, “बर्फ, बारह सेंटीमीटर.”

मी स्क्रीनकडं बघितलं. अंगण कोरडं ठाक, तपकिरी. लख्ख ऊन. पट्टीची सावलीसुद्धा नीट पडलेली. उपग्रहाच्या चित्रात तीनशे किलोमीटरवर ढगाचा पत्ता नाही.

“मास्तरजी, कहाँ का बर्फ?”

“पट्टी देखकर बोल रहा हूँ मॅडम.”

मी रेघ मारली. म्हातारपण, म्हटलं, डोळ्यांत मोतीबिंदू असेल.

तेवीसला एकोणीस सेंटीमीटर. चोवीसला एकतीस. मी दोरमोच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, ऊन आहे, लोक गच्च्यांवर जव वाळवताहेत. मास्तर मात्र चार दिवसांत गावात फिरकले नाहीत.

पंचवीसला माझं डोकं तापलं. “मास्तरजी, आप पट्टी के पास जाकर खड़े हो जाइए. मैं फोटो में देखती हूँ.”

दार उघडल्याचा आवाज आला. मग पावलांचा, आणि तो आवाज मला ओळखीचा होता. गुडघाभर भुसभुशीत बर्फातून पाय उपसत चाललं की तसा येतो, करकर आणि मग धप्प.

“खड़ा हूँ मॅडम. पट्टी पकड़ा हूँ. पैंतालीस.”

पाच मिनिटं मी फोन कानाला धरून ठेवला. नवा फोटो आला. अंगण रिकामं. पट्टी, ऊन, धूळ. दार बंद.

“अभी भी खड़े हैं?”

“हां जी. स्वेटर भीग गया.”

आश्लेषा मागून येऊन बघत होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तशी मी किंचाळलेच. मग आम्ही दोघींनी शहाण्यासारखं ठरवलं की कॅमेरा जुनाच फोटो पुन्हा पुन्हा पाठवतोय. पट्टीची सावली मात्र दर फोटोत जरा जरा सरकत होती, ते आम्ही दोघींनीही बोलून दाखवलं नाही. मी रेघ मारली.

इथं माझा भाऊ येतो. गुंडो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. खिंडीच्या पलीकडं एका पुलाच्या कामावर इंजिनिअर. बायको कावेरी इथं बसवनगुडीत. दरवर्षी दसऱ्याला तो घरी येतो, आणि निघण्याआधी मला फोन करून एकच विचारतो, “अक्का, निघू का?” सात वर्षांपूर्वी मी ‘थांब’ म्हटलं होतं. त्याचे सोबती हसत पुढे गेले आणि दरड त्यांच्यावर आली. तेव्हापासून माझ्या शब्दाशिवाय हा माणूस जीपची किल्ली फिरवत नाही. सगळ्या जगाशी वाद घालेल, पण माझ्याशी नाही.

सत्तावीसला त्याचा फोन आला. “अक्का, निघू का? कावेरीनं यादी धाडलीय, जर्दाळू आणायचेत.”

पाच दिवस स्वच्छ. माझा प्रत्येक आकडा सांगत होता, जा. पण कानात ती करकर-धप्प होती. नवांगचा आकडा त्या सकाळी अठ्ठावन्न होता.

“दोरमोपर्यंत ये,” मी म्हटलं. “तिथं थांब. आमच्या खोलीवर जा, नवांगना भेट, काय भानगड आहे बघ. मी सांगितल्याशिवाय खिंड चढू नकोस.”

“कसली भानगड?”

“काही नाही रे, स्वल्प शंका आहे.”

बर्फाचं मी त्याला सांगितलं नाही. सवयच ती. जुळत नाही ते सांगायचं नाही.

दुपारी तीनला त्याची जीप अंगणात उभी असलेला फोटो आला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! फोन लगेच वाजला.

“पोचलो गं. धूळ बघ केवढी. तुझे मास्तर आत दिसतायत, धूर येतोय.”

“आत जा. फोन ठेवू नकोस.”

दार वाजलं. आणि त्याच्या मागचा सगळा आवाजच गेला. वारा, जीपचं इंजिन, लांब कुठं कुत्रं भुंकत होतं ते, सगळं. ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो. तसं झालं.

“चुलीपाशी बसलेत,” गुंडो म्हणाला. “पार भिजलेत की हे. मला बघून रडायला लागले, अक्का.” मग पावलं वाजली. “अक्का.”

“काय रे?”

“खिडकीबाहेर बर्फ पडतोय.”

समोर फोटो होता. ऊन. जीप. तिच्या टपावर धूळ.

“गुंडो, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता जीपमध्ये बस.”

“जीप दिसत नाही इथून. दार उघडत नाहीये, बाहेरून दाबलंय.” त्याचा श्वास ऐकू येत होता. “मास्तर कुठं गेले? आत्ता तर इथं बसले होते. अक्का, खिडकीतून निघू का?”

मी काय बोलावं? त्याच्या बाजूला बर्फ गुडघ्याच्या वर होता आणि पुढं मैलभर काही नाही. आयुष्यभर अशा वेळी जे सांगत आले तेच माझ्या तोंडून गेलं.

“थांब,” मी म्हटलं. “मी सांगेपर्यंत हलू नकोस.”

“सरी,” तो म्हणाला. फोन तुटला.

पुढच्या फोटोत दार सताड उघडं होतं. आत अंधार. मग पुढच्यात, त्याच्या पुढच्यात, संध्याकाळ होईपर्यंत, तसंच.

तिसऱ्या दिवशी पोलीस पोचले. खोली कोरडी, चूल कोमट, जीपला किल्ली लटकलेली. नवांग नाहीत, गुंडो नाही. एका हवालदारानं खोलीतल्या नोंदवहीचा फोटो मला पाठवला, कारण शेवटची दोन पानं त्याला वाचता येत नव्हती. मराठीत होती.

सत्तावीसपर्यंत नवांगचं अक्षर. अठ्ठावीसपासून गुंडोचं, ते ‘र’ला उगीच शेपूट काढणारं. रोजचं तापमान, रोजचा बर्फ. एकोणसत्तर. ब्याऐंशी. एकशे चार. शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच: ‘अक्काच्या फोनची वाट बघतोय.’

त्या दिवशी तीस सप्टेंबर होता. नोंदी एकोणीस नोव्हेंबरपर्यंत होत्या.

शेवटची ओळ मला पाठ आहे. ‘१९ नोव्हेंबर. बर्फ २१० सें.मी. सकाळी साडेआठला फोन लागला. अक्का निघ म्हणाली. निघालो.’ त्याखाली रिकामं पान.

आश्लेषानं पाणी दिलं ते मी अंगावर सांडलं.

कावेरी रोज संध्याकाळी बनशंकरीला आमच्या घरी यायची आणि दाराकडं बघत बसायची. शेवटी तिला काहीतरी द्यावं म्हणून मी तो फोटो दाखवला. दाखवण्याआधी तारखांचा रकाना कापला आणि खालची ओळ कापली. दोन मीटर बर्फातून तो निघाला, हे बायकोला कसं दाखवणार? आणि हे तारखांचं वेड कुणाला सांगणार? जुळत नाही ते सांगायचं नाही.

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. “हे त्यांचंच. जिवंत आहेत ते! अक्का, तुमच्या एका शब्दासाठी बसलेत. मग सांगा ना त्यांना, निघ म्हणून!”

“फोन लागत नाही, कावेरी.”

“लागला तर सांगाल?”

मी तो फोटो तिच्या हातातून काढून घेतला. तिनं माझ्याकडं जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यानंतर ती यायची बंद झाली.

दसरा गेला, दिवाळी गेली. ऑफिसात दोरमोचा फोन वाजला नाही. मी एकच गणित मांडत होते. फोन एकोणीसला लागणार. मी ‘निघ’ म्हटलं तर तो निघणार आणि त्या बर्फात संपणार. म्हणजे मी म्हणायचं नाही. पण ‘थांब’ तरी किती दिवस म्हणायचं? तिथं त्याच्याजवळ खायला काय असेल? त्यानं रडवेल्या आवाजात ‘अक्का’ म्हटलं तर माझ्या तोंडून काय जाईल, याचा मला भरवसा नव्हता. त्यापेक्षा फोनच लागू द्यायचा नाही. फोन नाही, शब्द नाही, तर निघणं नाही. सोपं.

एकोणीस नोव्हेंबरला मी रजा टाकली. आश्लेषाला सांगून ऑफिसच्या फोनची वायर काढून ठेवायला लावली. सकाळी सातला माझा फोन बंद केला, कपाटात कुलूप लावून ठेवला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसले.

साडेआठ वाजले. भिंतीवरच्या घड्याळाकडं मी डोळे फाडून बघत होते. आठ पस्तीस. पावणेनऊ. नऊ.

काही झालं नाही. जिंकले, म्हटलं. रडू यायला लागलं. चहा टाकला.

सव्वानऊला दाराशी ऑटो थांबली. कावेरी. पायात चप्पल नाही, केस ओले, तोंडभर हसू. दोन महिन्यांत तिचे दात मी बघितले नव्हते. आत येऊन तिनं मला मिठी मारली.

“अक्का, फोन आला! साडेआठला! म्हणाले, अक्काचा फोन लागत नाही, तू तिला विचार, निघू का.”

माझ्या हातातला कप तिनंच काढून घेतला, पडेल म्हणून.

“तुम्ही रागावू नका,” ती म्हणाली. “मला राहवलं नाही. मी सांगितलं, विचारलंय मी, अक्का म्हणाली निघ.”

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “तिथून इथं यायला दोन दिवस लागतात ना?”