धुण्याच्या दगडावर

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्या घरी घडली तो गोकुळदास माझा सख्खा मावसभाऊ. अजून हळर्णलाच राहतो, पेडणे तालुक्यात. खोटं बोलायची त्याला सवय नाही, आणि या गोष्टीतून त्याला मिळायचंही काही नाही.

२०२१ चा मे महिना. कोरोनाची दुसरी लाट. तौक्ते वादळ नुकतंच येऊन गेलं होतं आणि गावात वीज नव्हती.

वादळाच्या थोडंसं आधी गोकुळदासची बायको गेली. कमलाक्षी.

ॲम्ब्युलन्समध्ये ती आपल्या पायांनी चढली होती. चढताना मागे वळून म्हणाली, "गॅसार दूध आसा हां."

तेवढंच.

तिचा देह घरी आला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेला. गोकुळदासला तापच होता, त्याला घराबाहेर पडायची बंदी. घरी आल्या त्या फक्त तिच्या हिरव्या बांगड्या, गाठ मारलेल्या पिशवीत. कोणीतरी ती पिशवी फाटकाला अडकवून गेलं. त्याने ती तशीच कपाटात ठेवली.

मुलगा श्रीनाथ पर्वरीला फ्लॅटमध्ये. तोही आजारी, एका खोलीत बंद. सून सेजल त्याच्या दाराशी ताट ठेवायची. आणि नऊ वर्षांची सिद्धी दुसऱ्या खोलीत एकटी. शाळा फोनवर. मैत्रिणी फोनवर. आईसुद्धा जवळ घेत नव्हती. पोर रात्री दचकून उठायची, म्हणून आजी गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

गोकुळदासशी दिवसातून एकच माणूस बोलायचं. शेजारची शालिनी. ती फाटकावर पेजेचा डबा ठेवून लांब उभी राहायची.

"कालची पेज तशीच आसा मरे. माझ्या हाताक चव नाय काय?"

"तोंडाकच चव नाय गे."

"बरां, कोंबड्यांक घालतंय. तीं नावां ठेवनत नाय."

ती गेली की परत सगळं गप्प.

आता कमलाक्षीचा एक नियम सांगायला हवा. पहिल्या लाटेत तिनेच घातलेला.

बाहेरून आलेल्या माणसाने पुढच्या दाराने आत यायचं नाही. मागे विहिरीकडे जायचं. धुण्याच्या दगडावर उभं राहायचं. आतल्या माणसाने येऊन पायांवर पाणी ओतायचं आणि "ये आता" म्हणायचं. तोवर उंबऱ्याला शिवायचं नाही.

एकदा गोकुळदास भर उन्हात तांदळाची पिशवी घेऊन तिथे उभा होता, आणि ही आत बहिणीशी फोनवर बोलत होती.

"कमल, हांव मेलंय हंय."

"मरा. पण पाय धुवून मरा."

स्वतः बाहेरून आली तरी ती हाच नियम पाळायची. दगडावर उभी राहून हातातली बांगडी बादलीच्या कडीवर वाजवायची. म्हणजे आतून पाणी घेऊन या.

वादळानंतरची एक तिन्हीसांज. गोकुळदास स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून बसला होता. रातकिडे ओरडत होते.

एकदम थांबले.

मग मागच्या दारी...

किण्... किण्.

तो सवयीने उठला. तांब्या भरला. दाराच्या कडीला हात घातला.

आणि हात तिथेच राहिला.

बांगड्या तर कपाटात होत्या.

दाराच्या पलीकडे काहीतरी चुरचुरलं. जाड प्लास्टिक. कोणीतरी उभं राहून दमलं, की या पायावरून त्या पायावर भार देतं, तसं.

मग खोकला... कोरडा. शेवटच्या रात्री ऐकलेला.

त्याने तांब्या खाली ठेवला. पाणी सांडलं. ते दाराखालून बाहेर जाऊ नये म्हणून त्याने आपला पंचा उंबऱ्याला लावला. आपण असं का केलं, ते त्याला कळलं नाही.

सकाळी त्याने दार उघडलं. रात्रभर पाऊस लागला होता. अंगण ओलं, विहिरीचा कठडा ओला, दगड ओला.

दगडाच्या मधोमध दोन पावलांएवढी जागा कोरडी होती.

दुसऱ्या सांजेला परत. तिसऱ्यालाही.

ती काही मागत नव्हती. रडत नव्हती. नुसती उभी असायची. पाणी आणि एक शब्द, एवढंच तिला हवं होतं.

गोकुळदासलाही तीच हवी होती. दिवसभर तो तिच्या साडीची घडी मांडीवर घेऊन बसायचा. पण सांज झाली, की दाराच्या कडीपर्यंत जाऊन तो परत फिरायचा. जी दारात उभी आहे तिला आत घेतलं, तर मग काय? ती परत जाईल? की आपल्याला नेईल? आणि त्या प्लास्टिकच्या आत... आता काय असेल?

त्याने नाही म्हटलं "ये".

मग वीज आली. फोन चालू झाला. त्याच सांजेला सिद्धीचा व्हिडिओ कॉल. त्याने फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला. पाठीमागे विहिरीकडची खिडकी होती, तिकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"आजो, दाढी बघ तुजी. भजनातलो बुवा दिसतंस."

तो कितीतरी दिवसांनी हसला.

"तू जेवलंस काय गे?"

"जेवलंय. एकटीच. मम्मी भितर येना, पप्पा खोकता तां आयकू येता. माका भंय दिसता आजो. रात्री कोणूच नसता..."

ती बोलता बोलता थांबली. त्याच्या खांद्यावरून पाठीमागे बघायला लागली.

"आजो... आजी आयली?"

त्याने मान वळवली नाही. मागे प्लास्टिक चुरचुरलं.

"आजी भायर कित्याक उभी आसा?"

किण्... किण्.

"तिणां प्लास्टिक कित्याक गुंडाळलां?"

गोकुळदासने फोन बंद करायला बोट नेलं. ते काचेवर नीट लागतच नव्हतं.

"पाणी दी मरे तिका. कधीची उभी आसा ती."

"सिद्धी, फोन ठेव." आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

पोरीने तोंड अगदी जवळ आणलं. स्क्रीनभर तिचेच डोळे. आणि लाडात येऊन म्हणाली,

"आजी, ये आता. माझ्याकडे ये."

चुरचुर थांबली.

गोकुळदासने वळून पाहिलं. खिडकीत फक्त काजूचं झाड होतं.

तो दार उघडून बाहेर धावला. दगड सगळा ओला, मधली जागासुद्धा. त्याने तांब्याभर पाणी त्यावर ओतलं आणि म्हणाला, "ये." परत म्हणाला. "ये गे कमल, हय ये, पोरीकडे नको."

रातकिडे ओरडत होते.

सकाळी सेजलचा फोन.

"बाबा, सिद्धी काल पहिल्यांदा रात्रभर शांत झोपली."

"बरां जालां."

"पण मेन दाराकडे पाणी सांडून ठेवलां तिणां. तिथून तिच्या खोलीपर्यंत ओली पावलां. मी ओरडलंय. तर उलट माकाच विचारता, मम्मी, माजे पाय इतके मोठे आसत?"

गोकुळदासने फोन न ठेवताच कपाट उघडलं. बांगड्यांची पिशवी जागेवर. गाठ तशीच.

आत पाणी साचलं होतं.

पुढे श्रीनाथ बरा झाला. सिद्धीला आजीचं सांगितलं, तेव्हा ती रडली नाही. "माका म्हायत आसा," म्हणाली. ती आता मोठी झाली आहे. अभ्यासात चांगली. एकटीच असते, पण एकटं वाटतं असं कधी म्हणत नाही. रात्री तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतो. सेजल म्हणते, फोनवर बोलते. फोन मात्र हॉलमध्ये चार्जिंगला असतो.

गेल्या चतुर्थीला गोकुळदासबरोबर मीही पर्वरीला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर सिद्धीने दार उघडलं. हातात तांब्या.

"आजो, भायरच रव."

तिने त्याच्या पायांवर पाणी ओतलं. मग मान वळवून आतल्या मोकळ्या पॅसेजकडे बघितलं, कोणाला तरी विचारावं तसं.

"आजी म्हणता, आणखी थोडो वेळ उभे रवा."

सेजल हसत बाहेर आली. "चला बाबा, खेळ तो तिचो." हाताला धरून त्याला आत नेलं.

दरवेळी असंच होतं, तो म्हणाला. सेजल आत नेते. कमलने अजून "या" म्हटलेलं नाही.

माझ्या पायांवर पाणी ओतलं नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर चपला काढत वाकलो होतो. पॅसेजमध्ये कोणीच नव्हतं, सेजलच्या मनगटावर फक्त घड्याळ होतं, सिद्धीच्या काहीच नव्हतं, आणि तरी मी ऐकलं...

किण्... किण्.

मी चपला परत पायांत घातल्या.